सातवी ओळ

१

तिचं पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर लिहायला बसलो होतो. तारीख घातली, मायना लिहिला, आणि पुढचं वाक्य सुचेना म्हणून कागद टीपकागदाखाली सरकवला. त्याला आता आठ वर्षं झाली. मी जन्मभर ग्रंथपाल होतो. दुसऱ्यांची वाक्यं जपण्यात आयुष्य गेलं. स्वतःचं एक वाक्य कधी धड जमलं नाही.

पत्र एका पानाचं होतं. ‘काका, तुम्ही तीन दिवस सगळं ऐकलंत. मला नोकरी परत नको. एवढंच कळवा, औषध माझ्या हातून बिघडलं का?’ त्याखाली आणखी एक वाक्य होतं. ते शेवटी सांगेन. आत्ताच सांगितलं तर बाकीचं सांगायचा धीर राहणार नाही.

आमची त्वचेच्या औषधांची संस्था होती. तळमजल्यावर प्रयोगशाळा, वर बारा खाटांचा वॉर्ड, आणि प्रयोगशाळेला लागून, एका भिंतीच्या अंतरावर, माझं ग्रंथालय. तिथे करडईच्या तेलाचं एक औषध तयार होत होतं. तेल आणि पाणी एकत्र, पण तेलाचे थेंब इतके बारीक की केसाच्या जाडीत ओळीनं हजार बसावेत. नॅनोइमल्शन म्हणायचे त्याला. असं तेल चिकट राहत नाही, आत मुरतं, आणि कोरडी कातडी ओलावा धरून ठेवते. सहा निरोगी माणसांवर आणि सहा आजाऱ्यांवर त्याची चाचणी चालली होती.

औषध बनवायची ती थोरली. तिला थोरली म्हणायचं कारण धाकटी. धाकटी तिची बहीण, एकोणीस वर्षांची, जन्मापासून अंगभर खवले. हात दुमडला की कोपर फाटायचं. ती एकदा ग्रंथालयात आली, तर खुर्ची टेबलापासून हातभर मागे घेऊन बसली.

“जवळ बस की,” मी म्हटलं.

“नको आजोबा. पुस्तकात माझा भुगा पडतो.”

तीन आठवडे औषध लावल्यावर तीच धाकटी परत आली आणि माझ्यासमोर मूठ वळून दाखवली. “बघा. फाटत नाही. आता मी कुणालाही मारू शकते.”

औषध नीट जमलंय की नाही, ते पाहायची आमची एक गावठी रीत होती. मी एका कार्डावर सात ओळी छापून दिल्या होत्या, प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा बारीक. औषधाची काचनळी पुढे धरायची, मागे कार्ड, आणि आरपार वाचायचं. थेंब मोठे राहिले तर औषध दुधासारखं, एकही ओळ दिसायची नाही. थेंब बारीक झाले की निळसर झाक यायची आणि चौथ्या ओळीपर्यंत वाचता यायचं. यंत्रं होती संस्थेत, पण साहेबांना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, हे कार्डच आवडायचं. पाहुण्यांना पटकन कळतं म्हणायचे.

थोरलीनं मला एकदा सांगितलं होतं, “काका, चौथी ओळ पुरे. त्याहून स्वच्छ हवं असेल तर मध्यस्थ वाढवावा लागतो.” मध्यस्थ म्हणजे तेल आणि पाणी यांची दिलजमाई करणारं साबणासारखं द्रव्य. “आणि मध्यस्थ जास्त झाला की तो कातडीचं स्वतःचं तेलही उपसून काढतो. निरोगी माणसाला कळणारसुद्धा नाही. आजारी माणूस सोलून निघेल.”

मी मान डोलावली. ऐकलेलं लक्षात ठेवणं मला जमतं. वेळेवर आठवणं जमत नाही.

त्या शुक्रवारी मदत देणारे पाहुणे आले. साहेबांनी मला पुढे बोलावलं. “हे आमचे ग्रंथपाल. डोळे घारीचे आहेत. वाचा हो.” नव्या बाटलीतलं औषध भरलेली काचनळी डोळ्यांपुढे धरली, आणि मी वाचत गेलो. चौथी ओळ. पाचवी. सहावी. सातवीसुद्धा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. ‘उत्तम’ म्हणून मी त्या चिठ्ठीवर सही केली.

थोरली तेव्हा वर वॉर्डात धाकटीची वेणी घालत होती.

सोमवारी सकाळी सहाही आजाऱ्यांचे हात सोलून उघडे पडले होते. धाकटीच्या तर पाहुण्यांना दाखवायचं म्हणून पाठीलाही लावलं होतं. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी तिची पाठ निघाली. जखमांतून विष रक्तात गेलं. नवव्या दिवशी ती गेली.

बाटली तपासली तेव्हा मध्यस्थ तिप्पट निघाला. बाटलीवर अक्षर थोरलीचं होतं.

२

चौकशीला बाहेरून एक बाई आल्या. उंच, कोरड्या, डोळ्यांवर दोन चष्मे आलटून पालटून लावणाऱ्या. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: “आठवण म्हणजे पुरावा नाही. नोंद दाखवा.” जबान्या लिहून घ्यायला त्यांना सुवाच्य अक्षराचा माणूस हवा होता. साहेबांनी माझं नाव सुचवलं.

पहिले दाबकाका आले. थेंब बारीक करायचं दाबयंत्र ते चालवायचे.

“मी बुधवारी संध्याकाळीच बहिणीकडे गेलो, बाई. वीस साक्षीदार आहेत. त्यातले दहा माझ्याशी बोलत नाहीत, म्हणजे माझ्यासाठी खोटं बोलायचा प्रश्नच नाही.”

“यंत्र आणखी कोण चालवतं?”

“थोरली. ती माझी चेली. आधी साधं पाणी फिरवायचं, मग दाब पायरीपायरीनं चढवायचा, यंत्र मांजरासारखं गुरगुरलं पाहिजे. आणि साहेब. साहेब एकदम त्याच्या छाताडावर बसतात. किंचाळतं बिचारं.”

“बाटली कुठे असते?”

“आमच्या फ्रिजमध्ये. तिथे बर्फ होत नाही. गोठलं तर संपलं, बाई. तेल वेगळं, पाणी वेगळं, नासलेल्या दुधासारखं. साहेबांच्या खोलीतला फ्रिज बघा, त्यात परवा माझी पाण्याची बाटली तडकली. हे नका लिहू हो, पंडित.”

पंडित म्हणजे मी. मी लिहिलं.

मग वॉर्डातली सिस्टर. ती बोटं लपवून बसली होती. बाईंनी दाखवायला लावली तेव्हा टोकांची साल निघालेली दिसली.

“शुक्रवारपासून लावताना फेस यायचा,” ती म्हणाली. “मला वाटलं, नवं आहे, जास्त चांगलं असेल. धाकटी म्हणाली, सिस्टर, झोंबतंय. मी म्हटलं, गुणकारी औषध झोंबणारच, नाटकं करू नकोस. शनिवारी ती रडायला लागली. मी म्हटलं, मुठी दाखवत फिरायचीस ना, आता कुठे गेली ताकद?” तिनं माझ्या लेखणीकडे पाहिलं. “हे लिहिणार का?”

“लिहा,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मऊ बोलायचे. डोळे ओले होते, आणि ते अश्रू खोटे होते असं मला आजही म्हणवत नाही.

“गुरुवारी दुपारी दोन ते तीन मी खोलीचं दार लावून पाहुण्यांसाठी भाषण लिहीत होतो. तीनला वॉर्डात गेलो, सिस्टरला विचारा. बाई, एक विनंती आहे. थोरलीवर कडक होऊ नका. बहिणीची माया. लवकर गुण यावा म्हणून घाई झाली असेल पोरीची.”

तोपर्यंत त्या खोलीत कुणीही थोरलीवर ठपका ठेवला नव्हता.

बाईंनी दुसरा चष्मा लावला आणि टेबलावरची बाटली माझ्याकडे सरकवली. “लेबलवरचा मजकूर उतरवून घ्या.” मी बाटली हातात घेतली, आणि माझा हात तिथेच थांबला.

३

भिजलेला कागद मला कळतो. छतातून गळलेल्या पाण्यानं फुगलेली पुस्तकं मी चाळीस वर्षं वाळवली आहेत. ते लेबल ओलं होऊन पुन्हा वाळलं होतं. कडा फुगलेल्या, मधे सुरकुत्या. आमच्या फ्रिजमध्ये काही ओलं व्हायचं नाही. बर्फ साचून वितळला तरच कागद असा होतो. म्हणजे बाटली गोठली होती. म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या तरी फ्रिजमध्ये राहिली होती.

मी मजकूर उतरवून घेतला. सुरकुत्यांबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी थोरली आली. नवव्या दिवसानंतर ती झोपली नसावी. बाईंनी पाणी पुढे केलं. तिनं पेला हातात धरला आणि शेवटपर्यंत तसाच धरून ठेवला.

बाईंनी हिशेब मांडला. पहारेकरी रोज सकाळी आठला प्रयोगशाळा उघडतो, यंत्राचा मीटर लिहितो, आणि संध्याकाळी सहाला कुलूप लावतो. गुरुवार सकाळ ते शुक्रवार सकाळ यंत्र अर्धा तास चाललं होतं. म्हणजे गुरुवारी दिवसा. दाबकाका परगावी. उरले दोघे.

“गुरुवारी प्रयोगशाळेत कोण होतं?”

“मी एकटी. सकाळी. मंगळवारी औषध केलं, चौथी ओळ आली, बाटली फ्रिजमध्ये ठेवली. नंतर हात लावला नाही.”

“दुपारी?”

“दोन ते चार मी ग्रंथालयात होते.”

“काय करत होता?”

“धाकटीसारख्या कातडीवर आणखी कुणी काय केलंय ते वाचत होते. तिथे बसले असताना भिंतीपलीकडे यंत्र सुरू झालं. सव्वादोनच्या सुमाराला. अर्धा तास चाललं. फार किंचाळत होतं. मी म्हटलंसुद्धा, की दाबकाका तर रजेवर आहेत ना.”

“कुणाला म्हटलंत?”

थोरलीनं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

४

ती होती तिथे. खिडकीकडच्या टेबलाशी, दोन ते चार. एका मोठ्या ग्रंथावर ओणवी. यंत्र किंचाळलं तेव्हा तिनं मान वर केली आणि विचारलं, “दाबकाका रजेवर आहेत ना, काका?” मी म्हटलं, “सफाई चालली असेल.” ती पुन्हा वाचू लागली.

ज्या अर्ध्या तासात औषधात विष कालवलं गेलं, त्या अर्ध्या तासात ती माझ्यापासून चार हातांवर बसली होती. त्या दिवशी यंत्र एकदाच वाजलं, आणि तेव्हा ती यंत्रापाशी नव्हती. साऱ्या जगात हे दोघांनाच माहीत होतं, आणि दोघांपैकी एकाच्या शब्दाला किंमत होती.

बाई माझ्याकडे वळल्या. “ग्रंथालयात आल्या-गेल्याची नोंदवही असते?”

“असते.”

“गुरुवारची यांची सही आहे?”

थोरली सही करायची नाही. मीच सांगितलं होतं, तू घरचीच, तुला कसली सही.

“नाही,” मी म्हणालो.

ते खरं होतं. मी वाट पाहिली. आता बाई विचारतील, पण तुम्ही पाहिलंत का? मग मी सांगेन. बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं आणि पान उलटलं. थोरली अजून माझ्याकडेच पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी पुढचं वाक्य जुळवत असेन असं तिला वाटलं असावं. ती माणसाला वेळ द्यायची.

मी जुळवत होतो, हेही खरं. पण ते जुळवताना त्याच्या पाठचं वाक्य दिसलं. ‘यंत्र वाजलेलं तुम्ही ऐकलंत. चौथ्या ओळीवर थांबायचं हे तुम्हाला माहीत होतं. मग दुसऱ्या दिवशी सातवी ओळ वाचून उत्तम म्हणून सही कशी केलीत?’ थोरली तिथे नव्हती. पाहुण्यांना कळत नव्हतं. त्या बाटलीला ‘थांबा’ म्हणू शकणारा त्या सकाळी खाली एकच माणूस होता, आणि तो टाळ्या ऐकत उभा होता.

शेवटी मी हात वर केला. अगदी थोडा, खांद्यापर्यंतही नाही.

बाईंचं लक्ष गेलं. “काय? पंखा कमी करायचाय?”

“हो,” मी म्हणालो.

मी उठलो, भिंतीपाशी गेलो, बटण फिरवलं, परत येऊन बसलो आणि लिहू लागलो.

५

त्या दुपारी मी ग्रंथालयात बसून सगळं एका रेषेत लावलं. ते अवघड नव्हतंच. रहस्य उलगडायला हुशारी लागते असं पुस्तकांत म्हणतात. मला फक्त गप्प बसावं लागलं.

मंगळवारी थोरलीनं बाटली भरली. पाहुण्यांना दाखवायची म्हणून साहेबांनी ती स्वतःच्या खोलीत नेली. सर्वांच्या फ्रिजमधून काही नाहीसं झालं तर थोरली विचारेल, पण ‘साहेबांकडे आहे’ म्हटल्यावर कोण विचारणार? खोलीतल्या फ्रिजमध्ये ती गोठली. गुरुवारी दुपारी त्यांनी पाहिलं, तर तेल वेगळं, पाणी वेगळं. पाहुणे दुसऱ्या दिवशी. नवं औषध करायचं तर थोरलीला सांगावं लागणार, म्हणजे आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची. मग त्यांनी मध्यस्थ ओतला, तेल मिसळेना म्हणून आणखी ओतला, आणि यंत्रातून काढलं. आधी पाणी न फिरवता, एकदम पूर्ण दाबानं, त्यांच्या सवयीप्रमाणे. औषध काचेसारखं झालं. आमच्या संस्थेत काचेसारखं म्हणजे उत्तम. ते कार्ड मीच छापलं होतं.

मारायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांना फक्त शुक्रवार निभावून न्यायचा होता. शनिवारी-रविवारी सिस्टर तीच बाटली लावत राहिली, आणि त्यांनी तिला थांबवलं नाही, कारण थांबवायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

दारावर टकटक झाली. साहेब होते. दोन वर्षं त्यांच्याकडे राहिलेलं एक पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं.

“जबान्या वाचल्या. फार व्यवस्थित लिहिता तुम्ही. कमी नाही, जास्त नाही.”

ते प्रयोगशाळेच्या बाजूच्या भिंतीपाशी गेले आणि बोटाच्या पेरानं तिच्यावर ठोकलं. पोकळ आवाज आला.

“फारच पातळ भिंत आहे हो तुमची. वाचताना त्रास होत असेल. इथे एक कपाट लावून घेऊ.”

“त्रास नाही होत,” मी म्हणालो.

“तरी लावू. चांगलं जाड.”

पुढच्या आठवड्यात कपाट आलं, छतापर्यंत. मी त्यात जुने खंड नीट लावून ठेवले. त्याच आठवड्यात निकाल लागला. औषध बनवणारीच्या हलगर्जीपणामुळे मृत्यू. निकालाची स्वच्छ प्रत माझ्याच अक्षरात आहे.

थोरली सामान न्यायला आली तेव्हा दाबकाका फाटकापर्यंत तिची पेटी घेऊन गेले. सिस्टर जिन्यात उभी राहून म्हणाली, “स्वतःच्या बहिणीला सोलणारी बाई बघून घ्या.” थोरलीनं ऐकलं. मी ग्रंथालयाचं दार आतून ओढून घेतलं होतं; मीही ऐकलं.

६

पत्र महिन्याभरानं आलं. त्यातलं शेवटचं वाक्य असं:

‘आणि काका, त्या गुरुवारी मी खरंच तुमच्याकडे बसले होते ना? सगळे म्हणतात नव्हते. आता मलाच नक्की आठवत नाही.’

साहेबांनी दोन वर्षांनी औषध बाजारात आणलं. त्यांच्या नावावर, थोरलीच्या कृतीनं, चौथ्या ओळीचं. त्यांचा सत्कार झाला. मी निवृत्त झालो. म्हातारपणी माझ्या नडग्या कोरड्या पडल्या, खाजवून रक्त यायला लागलं. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी एक नळी लिहून दिली. घरी येऊन पाहिलं, करडईचं तेल. सुनेनं पायाला लावून दिलं.

“किती छान मुरतं हो, बाबा,” ती म्हणाली. “ज्यानं शोधलं त्याचं भलं होवो.”

चार दिवसांत पाय बरे झाले. पाचव्या दिवशी मी टीपकागद उचलला. खालचा कागद पिवळा पडला होता, मायना तसाच होता. मी नवा कागद घेतला.

‘चिरंजीव थोरलीस,

तू गुरुवारी दोन ते चार माझ्यासमोर खिडकीकडच्या टेबलाशी बसली होतीस. यंत्र वाजलं तेव्हा तू मला विचारलंस, आणि मी म्हटलं की सफाई चालली असेल. तुझी आठवण बरोबर आहे. औषध तुझ्या हातून बिघडलं नाही. ते कुणाच्या हातून बिघडलं आणि ते मला कसं कळलं, हे सोबतच्या चार पानांत लिहिलं आहे. प्रत्येक पानावर माझी सही आहे. दुसरी प्रत याच टपालानं संस्थेला जात आहे.

हे मला चौकशीच्या तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं. मी भ्यालो. साहेबांना नाही. सातवी ओळ मी वाचली होती, त्याला भ्यालो.

तू केलेलं औषध उत्तम आहे. ते मी माझ्या पायाला लावतो.’

हे शेवटचं वाक्य ठेवावं की खोडावं, यात माझा एक अख्खा दिवस गेला. ते वाचून तिला बरं वाटेल की तिच्या बहिणीला सोलणाऱ्या हातांनीच मी तिच्या औषधाचा मलिदा खातोय असं वाटेल, मला ठरवता आलं नाही. खोटं नव्हतं, म्हणून ठेवलं. आठ वर्षांत तिनं स्वतःला दोषी धरून कसंबसं जगायला शिकून घेतलं असेल, तर हे पत्र तेही काढून घेईल, हेही मला कळतं. एका वाक्यानं ती वाचली असती आणि ते वाक्य चार हातांवर बसलं होतं, हे तिला आता उरलेलं आयुष्यभर माहीत राहील.

टपाल कार्यालयात गर्दी होती. खिडकीतल्या माणसानं दोन्ही पाकिटं घेतली, एक पालथं करून पाहिलं.

“पत्ता जुना दिसतोय, आजोबा. त्या भागाचे क्रमांक बदललेत.” त्यानं एक आकडा खोडून वर दुसरा लिहिला. “साधं की तातडीचं?”

मी त्यानं खोडलेल्या आकड्याकडे पाहत राहिलो.

“अहो, घाई आहे का?”

“आहे,” मी म्हणालो.

त्यानं दोन शिक्के मारले आणि पाकिटं मागच्या पोत्यात फेकली.

“ते परत काढता येईल का?” मी विचारलं. तोंडातून निघून गेलं.

“टाकलेलं टपाल परत मिळत नाही.”

मागच्या बाईनं मला कोपरानं हलकेच ढोसलं. “आजोबा, झालं ना तुमचं?”

“झालं,” मी म्हणालो, आणि बाजूला झालो.